तिसऱ्या खेपेचा हिशेब

बयो,

फोनवर तू फार बोलली नाहीस. सासूबाई शेजारच्या खोलीत असणार, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. म्हणून लिहून पाठवतेय. दोघी पोरी झोपल्या की निवांत वाच. तू एवढंच विचारलंस, "ताई, तू कॉलेजात संभाव्यताच शिकवतेस ना? मग खरं सांग, दोन मुलींवर तिसऱ्या वेळी मुलगा व्हायची शक्यता वाढते का गं?"

उत्तर आधी देते. नाही, वाढत नाही. पहिल्या खेपेला जेवढी होती तेवढीच असते, म्हणजे साधारण निम्मी. पण नुसतं 'नाही' म्हणून तुला घरात काही बोलता येणार नाही. कारण समोरून जे सांगितलं जातंय त्यातला एक आकडा खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच माणूस गोंधळतो. तेव्हा सगळा हिशेब मांडून दाखवते. कठीण काही नाही, गुणाकार आणि अपूर्णांक आले की पुरे.

लहानपणी आपण लुडो खेळायचो ते आठव. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघायची नाही. पहिल्याच फाशाला सहा पडण्याची शक्यता एक षष्ठांश. सहा बरोबर तिसऱ्या फाशाला पडायचा, तर आधीचे दोन फासे वाया जायला हवेत आणि तिसरा लागायला हवा. म्हणजे ५/६ गुणिले ५/६ गुणिले १/६. उत्तर २५/२१६, शेकडा साडेअकराच्या आसपास. हव्या त्या गोष्टीची वाट बघत बसायचं, ती घडली की थांबायचं, आणि किती प्रयत्न लागले ते मोजायचं, अशा ठिकाणी नेहमी हीच रीत चालते. आधीच्या प्रत्येक नकाराची संभाव्यता एकमेकींशी गुणायची आणि शेवटी होकाराची एकदा गुणायची. आमच्या पुस्तकांत याला जिओमेट्रिक डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. प्रत्येक पायरीला त्याच एका संख्येने गुणत गेल्यामुळे हे आकडे भूमिती श्रेढीत उतरत जातात.

सहा फासे टाकूनही सहा न पडण्याची शक्यता किती? ५/६ चा स्वतःशीच सहा वेळा गुणाकार. तो येतो साधारण एक तृतीयांश. एवढी मोठी! सहा फाशांत एकदा तरी सहा यायलाच हवा असं आपल्याला वाटतं, आणि दर तीन खेळांत एकदा तो येत नाही. पाच-सहा फासे कोरडे गेले की तू हट्टाने म्हणायचीस, आता पडणारच. पण पुढच्या फाशाला शक्यता पुन्हा तीच, एक षष्ठांश. आधी काय पडलं याची नोंद फाशाजवळ नसते. या वितरणाचा हा सगळ्यात महत्त्वाचा गुण आहे. त्याला मागची आठवण नसते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या एका गुणात आहे.

आता मुलांकडे येते. मुलगा होण्याची शक्यता आपण सोयीसाठी अर्धी धरू. (निसर्गात दर १०० मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात, म्हणजे शेकडा ५१ ला थोडं वर. त्याने आपल्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.) 'मुलगा होईपर्यंत' असं ठरवलेल्या घरात पहिल्याच खेपेला मुलगा होण्याची शक्यता १/२. पहिली मुलगी आणि दुसरा मुलगा, १/४. दोन मुलींवर मुलगा, १/८. आणि तिन्ही मुली, तेही १/८. सगळे मिळून एक पूर्ण होतो, बेरीज करून बघ.

यातून सासूबाईंचा खरा आकडा निघतो. तीन मुलांत निदान एक तरी मुलगा असण्याची शक्यता सात अष्टमांश आहे, शेकडा ८७ च्या वर. त्यांनी तो कधी कागदावर मांडला नसेल, पण आयुष्यभर जी घरं पाहिली त्यावरून त्यांच्या मनात तो पक्का बसलाय. तीन मुलं असलेल्या बहुतेक घरांत एक तरी मुलगा दिसतोच. त्यामुळे "तिसऱ्याला होतोच गं" हे त्या मनापासून सांगतात. त्यांना खोटं पाडू नकोस. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण तो आकडा तुझ्या लग्नाच्या दिवसाचा आहे. आजचा नाही.

लग्नाच्या दिवशी चारही वाटा मोकळ्या होत्या. पहिली लेक झाली तेव्हा त्यातली अर्धी शक्यता मिटली. दुसरी झाली तेव्हा उरलेल्यातली आणखी अर्धी. आज उरल्यात दोनच वाटा, दोन मुलींवर मुलगा नाहीतर तिसरी मुलगी. दोघींचं वजन सारखं, एक अष्टमांश आणि एक अष्टमांश. त्यातली एक निवडली जाण्याची शक्यता अर्धी. सात अष्टमांशातला मोठा वाटा पहिल्या दोन खेपांचा होता. त्या खेपा होऊन गेल्या, आता तो वाटा तिसरीच्या खात्यात धरता येत नाही.

ही गफलत फक्त आपल्याकडची आहे असं समजू नकोस. लाप्लास हा फ्रान्सचा फार मोठा गणिती. १८१४ साली त्याने संभाव्यतेवर सर्वसामान्यांसाठी एक निबंध लिहिला. त्यात त्याने अशा पुरुषांबद्दल लिहिलंय, ज्यांना मुलाची फार आस होती आणि ज्या महिन्यात आपल्याला मूल व्हायचं त्या महिन्यात गावात इतरांना मुलगे झाले की ते कासावीस व्हायचे. मुलगे-मुली शेवटी सारखेच व्हायचे, तेव्हा मुलग्यांचा वाटा आधीच संपला तर आपल्या वाट्याला मुलगी येणार, असा त्यांचा समज. लाप्लासने हा समज चुकीचा ठरवला. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जे मनात यायचं तेच आज तुझ्या माजघरात बोललं जातंय. माणसाच्या मनाची घडणच तशी आहे, म्हणून कुणाचा राग धरू नकोस.

तू म्हणशील, फाशाचं ठीक आहे, पण शरीर म्हणजे फासा थोडाच? हा प्रश्न विचारायलाच हवा. मूल मुलगा होणार की मुलगी, हे आईच्या बीजावर ठरत नाही. आईच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असतं. वडिलांच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या, काहींत एक्स (त्यातून मुलगी), काहींत वाय (त्यातून मुलगा). त्या तयार होताना पेशी दुभंगते आणि दोन्ही प्रकार जवळजवळ समसमान बनतात. दर वेळी नव्या कोट्यवधी पेशी, दर वेळी निम्म्या-निम्म्या. मागच्या खेपेला कोणती पेशी पोचली याची खूण शरीरात कुठेच राहत नाही, म्हणून शक्यता बदलत नाही. कीटकांच्या पेशींचा अभ्यास करून नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी १९०५ साली या वाय गुणसूत्राचा लिंगाशी असलेला संबंध दाखवला. शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि अजून आपल्याकडे "हिला दोन्ही मुलीच" असं बाईकडे बोट दाखवून म्हणतात. पुन्हा कुणी म्हणालं तर शांतपणे हे सांग. भावोजींसमोर सांग.

आता शिक्षिका म्हणून एक गोष्ट लपवणार नाही. शक्यता प्रत्येक घरात अगदी तंतोतंत सारखी असते का? थोडा फरक असावा, असं दिसतं. एकोणिसाव्या शतकात गाइसलर नावाच्या अभ्यासकाने जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या जन्मनोंदी गोळा केल्या. त्यात बारा मुलं असलेली ६११५ कुटुंबं होती. त्यांपैकी बाराही मुलगे असलेली ७ आणि बाराही मुली असलेली ३. सरळ हिशेबाने अशी एकरंगी कुटुंबं मिळून तीन-चारच निघायला हवीत, निघाली दहा. म्हणजे काही जोडप्यांचा कल एका बाजूला किंचित झुकलेला असू शकतो. २०२५ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या कुटुंबांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही रोख तसाच होता. पण हा झुकाव कोणत्या दिशेला आहे ते बघ. ओळीने मुली झालेल्या घरात पुढचंही मूल मुलगी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त दिसते. 'आता मुलाची पाळी' या समजुतीच्या अगदी उलट! दोन मुलींवरून असा काही कल ठरवता येत नाही, तेव्हा तू निम्मीच धर. फक्त निम्म्याहून वर धरायला मात्र कुठलाच आधार नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

घरात दुसरं एक वाक्य चालू असेल, "अजून एकच बघू." या 'एकच'चाही हिशेब करायला हवा. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं, तर आजपासून पुढे किती खेपा लागतील? सरासरी काढायची रीत सोपी आहे, एकाला यशाच्या संभाव्यतेने भागायचं. लुडोत सहासाठी सरासरी सहा फासे. मुलासाठी एक भागिले अर्धा, म्हणजे दोन खेपा. आणि आठवण नसण्याचा गुण इथेही लागू पडतो. आधीच्या दोन बाळंतपणांमुळे पुढची सरासरी कमी होत नाही, ती आजपासून पुन्हा दोन. दोन झाल्या, सरासरीने दोन आणखी, म्हणजे चार मुलं. एकाच खेपेत मुलगा होण्याची शक्यता अर्धी. आणखी दोन खेपा होऊनही चारही मुलीच असण्याची शक्यता पाव. अशा चार घरांत एक घर, काही क्वचित नाही हे. तिसरी मुलगी झाली की तेच वाक्य पुन्हा येईल, तेवढ्याच खात्रीने, आणि त्या दिवशीही शक्यता अर्धीच असेल. म्हणून भावोजींना आधीच विचार, तिसरी मुलगी झाली तर आपण काय करणार? याचं उत्तर आजच न ठरवता 'एकच'ला हो म्हणायचं नाही.

सासूबाई दाखले देतील. अमक्यांच्या सुनेला दोन मुलींवर मुलगा झाला, तमक्यांना तिघींवर. दाखले खरे असतात. पण जे मुलगा होईपर्यंत थांबतच नाहीत त्यांची गोष्ट नेहमी मुलग्यापाशीच संपते, आणि पेढे वाटले जातात म्हणून ती गावभर लक्षात राहते. ज्यांना तिसरी मुलगी झाली आणि जे तिथे थांबले, त्यांच्याबद्दल बारशाच्या जेवणावळीत कुणी बोलत नाही. दाखल्यांची गणती करायची तर दोन्ही प्रकारची घरं मोजावी लागतील.

आता जे सांगणार आहे ते मला वर्गात शिकवतानाही दर वेळी आतून हलवतं. जरा सावकाश वाच.

समज, ८०० जोडपी आहेत. सगळ्यांनी ठरवलं, मुलगा झाला की थांबायचं, आणि काही झालं तरी तिनाच्या पुढे जायचं नाही. पहिल्या फेरीत ८०० बाळं, ४०० मुलगे, ४०० मुली. मुलगेवाले थांबले. दुसऱ्या फेरीत उरलेल्या ४०० घरांत २०० मुलगे, २०० मुली. तिसऱ्या फेरीत २०० घरांत १०० मुलगे, १०० मुली. बेरीज कर, ७०० मुलगे आणि ७०० मुली. अगदी सारखे! मुलग्यासाठी एवढा अट्टहास करूनही समाजात मुलगे जास्त होत नाहीत. कारण हा नियम पुढे कोण जाणार एवढंच ठरवतो, जन्माला काय येणार ते ठरवत नाही.

मग २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ च मुली का निघाल्या? निसर्गाच्या हिशेबाने त्या साडेनऊशेच्या आसपास हव्या होत्या. मुलगा होईपर्यंत मुलं होऊ देण्याने ही तूट येऊच शकत नाही, हे वरच्या गणिताने सिद्ध होतं. ती येते मुलीचा गर्भ पाडण्याने, आणि जन्मलेल्या मुलींच्या हेळसांडीने. हा आकडा वाचताना मला दर वेळी या ८०० घरांचं गणित आठवतं, आणि वाटतं की प्रत्येक पदवीच्या वर्गात ते एकदा तरी फळ्यावर लिहिलं जावं.

पण संख्या सारखी राहिली म्हणून मुलींचं नुकसान होत नाही, असं नाही. तेच ७०० आणि ७०० घे, आणि कोण कुठल्या घरात वाढतंय ते बघ. ७०० मुलग्यांपैकी ४०० जण एकुलते एक. फक्त १०० मुलगे तीन मुलांच्या घरात. ७०० मुलींपैकी एकुलती एक एकही नाही. २०० मुली दोन मुलांच्या घरात, आणि उरलेल्या ५०० तीन मुलांच्या घरात. सातातला एक मुलगा आणि सातातल्या पाच मुली भरल्या घरात वाढतात. तिनाची मर्यादा काढून टाकलीस आणि खरोखर मुलगा होईपर्यंत असं धरलंस, तर सरासरी मुलगा दोन मुलांच्या घरात असतो आणि सरासरी मुलगी चार मुलांच्या. त्या घरातल्या कुणीही मुलीच्या ताटातलं काढून मुलाला वाढलेलं नसतं. आईवडील अगदी समान वागवणारे असू देत. तरीही शाळेची फी, दूध, डॉक्टर, आईचा वेळ, सगळं मुलीच्या वाट्याला जास्त जणांत वाटून येतं. केवळ थांबण्याच्या नियमामुळे.

हे कागदावरचं गणित आपल्या देशात प्रत्यक्ष दिसतं. २०१७-१८ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत यावर एक स्वतंत्र प्रकरण होतं. त्यांनी शेवटच्या मुलाचं लिंग तपासलं. एकच मूल असलेल्या घरांत दर १०० मुलींमागे १८२ मुलगे निघाले, १०५ च्या जागी. म्हणजे पहिला मुलगा झाला की थांबणारे पुष्कळ, पहिली मुलगी झाली की पुढे जाणारे पुष्कळ. मुलग्याची वाट बघताना ज्या जन्मल्या, अशा पंचवीस वर्षांपर्यंतच्या 'नकोशा' मुलींचा त्यांचा अंदाज दोन कोटी दहा लाखांचा होता. नकोशी हे आपल्याकडे नुसतं विशेषण राहिलेलं नाही, ते नाव म्हणून ठेवलं जायचं. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नकोशी, नकुसा असली नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. त्यांतल्या कित्येक जणी आता लग्नाच्या वयाच्या झाल्या असतील. तुझी धाकटी अजून बोबडं बोलते, पण घरातलं बोलणं तिच्या कानावर पडतंय. "हिच्या जागी मुलगा असता तर" हे वाक्य तिच्यासमोर कुणी उच्चारायचं नाही, एवढा एक नियम तू आजच घाल. त्यासाठी भांडायची वेळ आली तर भांड.

आता दोन धोक्याच्या गोष्टी. पहिली, कुणीतरी 'एका ठिकाणी तपासून घेऊ' असं सुचवेल. कितीही जवळच्या माणसाने सुचवलं तरी साफ नकार दे. महाराष्ट्राने देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ साली तो देशभरासाठी आला, आणि २००३ पासून गर्भधारणेच्या आधीच लिंग निवडण्याच्या तंत्रालाही तो लागू झाला. तुला माहीत असावं म्हणून सांगते, या कायद्यात न्यायालय असंच गृहीत धरतं की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असणार, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर असते. हे घरात एकदा मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल.

दुसरी, पुत्रप्राप्तीच्या पुड्या आणि गोळ्या. दुधातून, अमुक दिवशी, अमुक दिशेला तोंड करून. अशी पुडी देणाऱ्याकडे शंभर बायका गेल्या तर पन्नासेक जणींना मुलगा होतोच, काही न देताही झाला असता. त्या पन्नास जणी नारळ घेऊन परत येतात आणि त्याची कीर्ती पसरवतात. बाकीच्या पन्नास जणी पथ्य चुकलं म्हणून स्वतःलाच दोष देतात. हा धंदा निम्म्या संभाव्यतेवर चालतो. पैसे जातात तेवढ्यावर भागलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हरियाणात झालेल्या अभ्यासांत असली औषधं घेणाऱ्या बायकांत जन्मजात व्यंग असलेली बाळं आणि मृत जन्मलेली बाळं जास्त आढळली. तेव्हा प्रसाद म्हणून दिलेली पुडीसुद्धा पोटात घ्यायची नाही. नमस्कार कर, घे आणि बाजूला ठेव.

आणि तुझी तब्येत. तुझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. प्रत्येक सिझेरियननंतर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर खोल रुतून बसण्याचा धोका वाढतो, रक्तस्राव फार होऊ शकतो. मुलाची शक्यता खेपेगणिक वाढत नाही, पण हा धोका मात्र वाढतो. भावोजींना बरोबर घेऊन एकदा तुझ्या डॉक्टरबाईंकडे जा आणि त्यांच्यासमोर हे स्पष्ट विचार. नवऱ्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात वेगळ्या वजनाने बोललं जातं, असा माझा अनुभव आहे. आणि पुढे थांबायचं ठरलं तर शस्त्रक्रिया तुझीच व्हायला हवी असंही नाही. पुरुषांची नसबंदी जास्त सोपी, पोट न उघडता होणारी आणि त्याच दिवशी घरी येता येणारी आहे. हेही तिथेच विचारून घ्या.

सासूबाईंशी बोलताना अपूर्णांक मांडू नकोस. त्यांना एवढंच विचार, "आई, तिसरीही मुलगी झाली तर तुम्ही तिला या दोघींसारखीच मांडीवर घ्याल ना?" त्या काय म्हणतात ते नीट ऐक. त्यांच्याही पाठीवर कुणीतरी अशाच खेपा लादलेल्या असतील. मी त्यांना जेवढं ओळखते त्यावरून सांगते, त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत. म्हातारपणी कोण बघणार, ही भीती आहे. ती भीती खरी आहे आणि तिच्यावर बोलता येतं. विमा आहे, बचत आहे, दोन शिकलेल्या नाती आहेत, आईवडिलांना सांभाळण्याची कायद्याची जबाबदारी मुलीवरही आहे. पण त्या भीतीचं औषध म्हणून तुझ्या पोटाकडे बघायचं, हे मला मान्य नाही.

निर्णय तुम्हा दोघांचा. तुला स्वतःला आणखी एक मूल हवंसं वाटत असेल, तब्येत साथ देत असेल, घरात ऐपत असेल आणि जे होईल त्याचं मनापासून स्वागत होणार असेल, तर आनंदाने होऊ दे, बाळंतपणाला मी स्वतः येईन. पण फक्त मुलग्यासाठी असेल, तर माझं मत 'नाही' असं आहे. तू सांगशील त्या दिवशी घरी येऊन तुझ्या सासूबाईंसमोर आणि भावोजींसमोर मी ते सांगायला तयार आहे.

तुझी
ताई